चासी, इंजिन आणि हकिकत जुळत नसेल तर : विंटेज मोटारीच्या इतिहासातला नेहमीचा पेच

विंटेज मोटार विकायला काढली, रॅलीत परीक्षकांसमोर उभी केली, विम्यासाठी तिची किंमत ठरवायला घेतली किंवा आरटीओत विंटेज मोटारींच्या नव्या मालिकेत नोंदवायला नेली, की दर वेळी तीच अडचण समोर येते. आरसी बुकातला चासीचा, म्हणजे गाडीच्या सांगाड्याचा, नंबर एक असतो, इंजिनावर ठोकलेला नंबर दुसरा असतो, बॉडी तिसऱ्याच काळातली दिसते आणि घरात पिढ्यानपिढ्या सांगितली जाणारी हकिकत या तिन्हींपैकी कशाशीच धड जुळत नाही. मागच्या खेपेला एखाद्या जाणकाराने समाधानकारक उत्तर दिलेले असते आणि सगळ्यांनी माना डोलावलेल्या असतात. पण पुढच्या खेपेला नवा ग्राहक, नवा परीक्षक किंवा नवा अधिकारी पुन्हा मूळ प्रश्नावर येतो, की ही गाडी खरोखर तीच आहे का?

या अडचणीमागे फसवणूक क्वचित असते. बहुतेक वेळा दोष इतिहास लिहिण्याच्या पद्धतीत असतो. पहिला मालक, दुसरा मालक, अपघात, रिस्टोरेशन, आजचा मालक असा गाडीचा एकच सलग इतिहास आपण लिहितो आणि या सगळ्या प्रवासात सांगाडा, इंजिन, बॉडी आणि नाव ही चारही एकत्रच राहिली असे गृहीत धरतो. प्रत्यक्षात सांगाड्याचा इतिहास वेगळा असतो, इंजिनाचा वेगळा, बॉडीचा वेगळा आणि गाडीच्या नावलौकिकाचा तर त्याहून वेगळा. काही वर्षे ही चारही एकत्र चालतात आणि मग कुठेतरी फाटा फुटतो. तो फाटा केव्हा आणि कशामुळे फुटला हे शोधून तारखेनिशी लिहून ठेवले, तरच हा प्रश्न कायमचा मिटतो.

हे समजून घ्यायला बेंटली स्पीड सिक्ससारखे दुसरे उदाहरण नाही. डब्ल्यू. ओ. बेंटली यांनी १९१९ साली स्थापन केलेली ही कंपनी लंडनच्या क्रिकलवुड भागात मोटारी बनवत असे आणि त्या काळच्या रिवाजाप्रमाणे ग्राहकाला फक्त चालती चासी, म्हणजे सांगाडा, इंजिन, गिअरबॉक्स, अॅक्सल आणि चाके, विकत असे. बॉडी ग्राहक आपल्या पसंतीच्या कोचबिल्डरकडून करवून घेई. त्यामुळे गाडी रस्त्यावर येण्याआधीच तिचे दोन जन्मदाखले तयार होत, एक कारखान्यात आणि एक कोचबिल्डरच्या वहीत. साडेसहा लिटरच्या मालिकेत एकूण ५४५ चासी बनल्या आणि त्यांपैकी अधिक ताकदीच्या स्पीड सिक्स १८२ होत्या. कंपनी १९३१ मध्ये बुडाली आणि रोल्स-रॉइसने ती घेतली, पण तोपर्यंत चासीवर पाच वर्षांची हमी देण्याच्या धोरणामुळे प्रत्येक गाडीच्या सर्व्हिसची बारकाईने नोंद ठेवली गेली होती. या नोंदींमुळेच स्पीड सिक्सच्या बाबतीत आज पेच उलगडता येतो आणि इतर अनेक मोटारींच्या बाबतीत तो तसाच राहतो.

पहिला प्रकार : भाग बदलत गेले, गाडी पुढे चालत राहिली

१९२९ साली फ्रान्समधल्या ले माँच्या चोवीस तासांच्या शर्यतीत बेंटली कंपनीचा अध्यक्ष वुल्फ बार्नाटो आणि टिम बर्किन यांनी एका स्पीड सिक्सने पहिला क्रमांक मिळवला. पुढच्या वर्षी बार्नाटो आणि ग्लेन किडस्टन यांनी त्याच मोटारीने पुन्हा ती शर्यत जिंकली. एकाच मोटारीने ले माँ दोनदा जिंकण्याची ती पहिली वेळ होती आणि ही मोटार ‘ओल्ड नंबर वन’ या नावाने ओळखली जाऊ लागली. नंतर ती इंग्लंडमधल्या ब्रुकलंड्सच्या, कडेला उंच चढत जाणाऱ्या शर्यतीच्या ट्रॅकवर धावत राहिली. शर्यतीची मोटार दर हंगामात उघडली जाते, झिजलेले भाग काढून नवे बसवले जातात आणि नियमांनुसार तिच्यात फेरफार होतात. १९३२ पर्यंत या गाडीत आठ लिटरचे इंजिन आले होते. त्या वर्षीच्या सप्टेंबरात ब्रुकलंड्सच्या पाचशे मैलांच्या शर्यतीत ती कडेवरून बाहेर फेकली गेली आणि तिचा चालक क्लाइव्ह डनफी मरण पावला. त्यानंतर बार्नाटोने तिची पुन्हा बांधणी करून रस्त्यावर चालवण्यासाठी कूपे, म्हणजे दोन दारांची बंद, बॉडी चढवली. पुढे अनेक मालक आणि अनेक वर्षांनंतर तिला पुन्हा ले माँच्या काळातले रूप देण्यात आले.

१९९० साली ही मोटार एक कोटी पौंडांना विकण्याचा करार झाला. खरेदीदाराने नंतर पैसे देण्यास नकार दिला, कारण त्याच्या म्हणण्यानुसार ती खरी ओल्ड नंबर वन नव्हती. प्रकरण लंडनच्या उच्च न्यायालयात न्यायमूर्ती ओटन यांच्यासमोर गेले. एका मोटारीची ओळख कशी ठरवायची हे त्यांनी भाग एकेक करून तपासले. १९२९ च्या विजयी गाडीतले जवळजवळ काहीच उरले नाही. जे किरकोळ फिटिंग उरले आहे त्याचा काळ ठरवता येत नाही. १९३० च्या रूपातले पेडलचा शाफ्ट, गिअरबॉक्सचे आवरण आणि स्टिअरिंग कॉलम एवढेच दाखवता येते. १९३२ च्या रूपातले मात्र सांगाडा, सस्पेन्शन, पुढच्या अॅक्सलचा बीम, आठ लिटरचे इंजिन आणि आणखी बरेच भाग शिल्लक आहेत. हा हिशेब पाहून एखाद्याला वाटेल की निकाल विकणाऱ्याच्या विरुद्ध गेला असेल. तो त्याच्या बाजूने लागला. ही गाडी मूळ स्वरूपातली म्हणता येणार नाही, असे न्यायमूर्तींनी स्पष्ट सांगितले. पण नवे भाग तिच्यात हळूहळू मिसळत गेले, कोणत्याही एका क्षणी तिची ओळख तुटली नाही आणि जगात दुसरी कोणतीही बेंटली या नावावर हक्क सांगू शकत नाही, म्हणून ओल्ड नंबर वन म्हणून ती अस्सल ठरते, असा त्यांचा निष्कर्ष होता. विक्रीला होते ते केवळ धातू नव्हते, तर तिचा इतिहास आणि लौकिकही होता, असेही त्यांनी नोंदवले.

माझ्या मते या निकालाचे खरे मोल त्या हिशेबात आहे. त्यात दोन प्रश्न वेगळे केले गेले : किती धातू मूळचा उरला आहे, आणि ओळख कुठे तुटली का. आपल्याकडे हे दोन्ही प्रश्न एकाच वाक्यात विचारले जातात आणि एकाच वाक्यात त्यांचे उत्तर दिले जाते, म्हणून वाद कधीच संपत नाही. ज्या गाडीचे इंजिन १९४० च्या दशकात बदलले, बॉडी १९६० च्या दशकात पुन्हा पत्र्याने मढवली आणि अॅक्सल कुठल्यातरी दुसऱ्या गाडीवरून आणला, ती गाडी तीच राहू शकते. मात्र प्रत्येक बदल होत असताना बाकीची गाडी एकत्र होती, हे दाखवता आले पाहिजे. भाग सुटे होऊन निरनिराळ्या गोदामांत गेले आणि वीस वर्षांनी ते जमवून गाडी उभी केली, तर सातत्य तुटलेले आहे आणि ते तसे मान्य करावे लागते.

दुसरा प्रकार : हकिकत भलत्याच गाडीला चिकटली

मार्च १९३० मध्ये वुल्फ बार्नाटोने पैज लावली की तो भूमध्य समुद्राच्या काठच्या कानहून आपल्या स्पीड सिक्सने निघेल आणि ‘ब्लू ट्रेन’ ही प्रसिद्ध आगगाडी फ्रान्सच्या उत्तर टोकाला काले येथे पोहोचायच्या आत लंडनमध्ये असेल. रात्रभर पावसाधुक्यातून फ्रान्स ओलांडून, इंग्लिश खाडी पार करून तो लंडनच्या क्लबमध्ये पोहोचला तेव्हा आगगाडी कालेला यायला चार मिनिटे बाकी होती. या पराक्रमाशी पुढची अनेक दशके एक विशिष्ट मोटार जोडली गेली : गर्नी नटिंग या कोचबिल्डरची, मागे उतरत जाणाऱ्या बुटक्या छताची आणि मागच्या बाजूला आडव्या बसवलेल्या एकाच आसनाची कूपे, चासी एचएम २८५५. ती दिसायला अतिशय देखणी आहे. टेरेन्स क्युनिओ या नामवंत चित्रकाराने आगगाडीशी शर्यत लावणारी बेंटली म्हणून तीच रंगवली आणि ते चित्र जगभर पाहिले गेल्यावर शंका घेण्याचे कारणच उरले नाही.

ही कूपे मे १९३० मध्ये पूर्ण झाली. शर्यत मार्चमध्ये झाली होती. बार्नाटोने प्रत्यक्षात चालवलेली गाडी एच. जे. मलिनर यांनी बॉडी बांधलेली सलून होती, चासी बीए २५९२. दिसायला साधी असलेली ती चार दारांची गाडी पुढे आपली मूळ बॉडी गमावून बसली आणि तिच्या सांगाड्यावर वेगळी बॉडी चढली. हकिकत खरी होती, मालकही खरा होता, दोन्ही गाड्या त्याच्याच होत्या, आणि तरीही जोडणी चुकली. ती चूक उघडकीला आणायला कोणत्याही प्रयोगशाळेची गरज नव्हती. घटनेची तारीख आणि गाडी तयार झाल्याची तारीख शेजारी शेजारी ठेवणे पुरेसे होते.

आपल्याकडच्या जुन्या घराण्यांच्या मोटारींबाबत हा दोष मी सर्वाधिक वेळा पाहिला आहे. ‘आजोबांनी या गाडीतून अमुक गव्हर्नरांना स्टेशनवरून आणले’ ही आठवण बहुधा खरीच असते, पण घरात एकाच कंपनीच्या दोन गाड्या होत्या आणि त्यांपैकी एक उरली, तेव्हा सगळ्या आठवणी उरलेल्या गाडीकडे आल्या. हे कोणी मुद्दाम करत नाही. म्हणून हकिकत ऐकल्याबरोबर पहिला प्रश्न विचारावा तो घटनेच्या वर्षाचा, आणि दुसरा त्या वर्षी घरात आणखी कोणत्या मोटारी होत्या याचा.

तिसरा प्रकार : बॉडी बदलली, जुनी नष्ट झाली

याचे स्वच्छ उदाहरण बुगाटी रॉयालचे आहे. त्या अजस्र मोटारी अगदी मोजक्याच बनल्या. त्यांपैकी चासी ४११११ ही आर्मां एस्दर्स यांच्यासाठी १९३२ साली उघड्या रोडस्टर बॉडीसह तयार झाली, पुढच्या मालकाने ती बॉडी उतरवून बिंदर या कोचबिल्डरकडून बंद कूपे बांधून घेतली आणि मूळ रोडस्टर बॉडी हरवली. फ्रान्समधल्या म्यूलुज येथील संग्रहालयात आज एस्दर्स रोडस्टर पाहायला मिळते, पण ती नव्याने घडवलेली प्रतिकृती आहे आणि तिला प्रतिकृती म्हणूनच ओळखले जाते. त्यामुळे ४११११ चा मालक आणि संग्रहालय यांच्यात ओळखीचा काही पेच नाही. अडचण येते ती अशी प्रतिकृती नावाविना बाजारात येते तेव्हा. बेंटलीच्या जगात हे सर्रास घडले : कितीतरी बंद सलूनच्या बॉडी उतरवून त्यांच्या जागी ले माँ पद्धतीच्या उघड्या टूरर बॉडी चढवल्या गेल्या, कित्येक सांगाडे त्यासाठी तोडून आखूड केले गेले, कारण उघड्या गाडीला किंमत अधिक येत असे. आज अशा गाडीचा व्हीलबेस, म्हणजे पुढच्या आणि मागच्या चाकांमधले अंतर, मोजून कारखान्याच्या नोंदीशी ताडून पाहणे ही दहा मिनिटांची तपासणी आहे आणि ती आश्चर्यकारकरीत्या कमी लोक करतात.

लोखंड कसे वाचावे

कागद उघडण्याआधी गाडी वाचावी, असे माझे ठाम मत आहे, कारण कागद आधी वाचला तर डोळ्यांना तोच नंबर दिसू लागतो. अंधुक झालेला ३ की ८, बी की ८, हे मन आधीच ठरवून टाकते.

सांगाड्यावरचा ठोकलेला नंबर शोधण्यासाठी तिथला रंग आणि ग्रीस रंग उतरवायच्या द्रावणाने आणि मऊ ब्रशने काढावे. ग्राइंडर, वायरची चक्री किंवा सँडब्लास्टिंग (वाळूच्या माऱ्याने साफसफाई) त्या जागेजवळ अजिबात आणू नये. रिस्टोरेशनच्या पहिल्याच आठवड्यात सांगाडा सँडब्लास्टिंगला पाठवण्याची पद्धत आपल्याकडे रुळली आहे आणि तिने जितके पुरावे नष्ट केले तितके गंजानेही केले नसतील. जागा स्वच्छ झाली की गॅरेजमधला दिवा बंद करून टॉर्च पृष्ठभागाला जवळजवळ समांतर धरावा. समोरून पडलेल्या उजेडात जे अक्षर दिसतच नाही, ते आडव्या उजेडात सावलीने उठून येते. टॉर्च चारही बाजूंनी फिरवून प्रत्येक बाजूने फोटो घ्यावा आणि शेजारी मोजपट्टी ठेवावी.

आता अक्षरांच्या कडा भिंगातून पाहाव्यात. नव्वद वर्षांच्या लोखंडावर गंजाचे बारीक खड्डे असतातच. नंबर आधी ठोकला गेला आणि गंज नंतर आला असेल, तर हे खड्डे अक्षराच्या कडा खाऊन आत गेलेले दिसतात, कड बोथट आणि तुटक असते आणि अक्षराच्या तळाशीही तसेच खड्डे असतात. गंज आधीचा आणि नंबर नंतरचा असेल, तर पंचाची कड खड्ड्याला सरळ कापत जाते, तळ गुळगुळीत दाबलेला असतो आणि अक्षराभोवती सरकलेल्या धातूची नाजूक कडी अजून बोटाला लागते. अक्षरांची ठेवणही पाहावी. हाताने एकेक पंच ठोकलेल्या नंबरात खोली आणि रेषा थोडी वरखाली असते, पण एकाच कारखान्यात एकाच काळात वापरलेल्या पंचांचे वळण सारखे असते. ६ आणि ९ यांची शेपटी, ४ उघडा की बंद, ७ ला आडवी रेघ आहे की नाही, यावरून एकच नंबर दोन वेगळ्या संचांनी ठोकल्याचे कळते. नंबर घासून पुसला असेल तरी त्याखालचा धातू दाबला गेलेला असतो आणि न्यायवैद्यक प्रयोगशाळेत रसायनाने तो पुन्हा दृश्य करता येतो. हे काम घरी करू नये, आणि न्यायालयात जाण्याची वेळ येणार असेल तर त्या जागेला त्याआधी हातही लावू नये.

जुना नंबर पुन्हा ठोकला गेला आहे एवढ्यावरून गाडी खोटी ठरत नाही. सांगाड्याची पट्टी सडली म्हणून बदलली आणि तिच्यावर मालकाच्या माहितीने नंबर पुन्हा ठोकला, हे अनेक गाड्यांत झाले आहे. त्या कामाचे बिल किंवा फोटो सापडला तर ती दुरुस्ती ठरते. नाही सापडला तर प्रश्नचिन्ह राहते आणि ते फाईलमध्ये प्रश्नचिन्ह म्हणूनच लिहावे.

बॉडीचा नंबर बहुतेक वेळा लोक शोधतच नाहीत. कोचबिल्डरच्या कारखान्यात एकाच वेळी अनेक बॉडी उभ्या असत, म्हणून सुतार आणि कारागीर दाराच्या आतल्या अस्तराच्या मागे, आसनाखालच्या फळीवर किंवा अॅश या झाडाच्या लाकडी चौकटीवर पेन्सिलीने, खडूने किंवा पंचाने कामाचा नंबर टाकत. कुशन आणि अस्तर बदलायला गाडी दिली की कारागीर जुनी फळी सहज फेकून देतो आणि बॉडीचा एकमेव मूळ पुरावा तिच्याबरोबर जातो. काम सुरू होण्याआधीच त्याला बजावून सांगावे की काढलेली एकही वस्तू, मग ती किडलेली का असेना, टाकायची नाही. रंगाच्या थरांचेही तसेच आहे. आतल्या, न दिसणाऱ्या एका कोपऱ्यात बारीक पॉलिशपेपरने रंग हळूहळू उतरवत गेले की प्रत्येक थर वर्तुळासारखा उघडा पडतो आणि दाराच्या थरांचा क्रम चिखलरोधकाच्या क्रमाशी जुळतो का हे दिसते. बॉडीच्या एका भागात सात थर आणि दुसऱ्यात दोनच असतील, तर तो भाग नंतर आला आहे.

कागदांचा माग

ब्रिटनमधून आलेल्या गाडीसाठी सर्वांत मोलाचा कागद म्हणजे तिथले जुने पिवळट लॉगबुक. १९२१ पासून प्रत्येक गाडीला ते मिळे आणि मालक बदलला की स्थानिक कार्यालय त्यात शिक्क्यासह नोंद करी. १९७४ नंतर नोंदणी वेल्समधल्या स्वान्सी येथे एकत्र आणून संगणकावर घेण्यास सुरुवात झाली आणि जुन्या गाड्या त्यात घेण्याची मुदत १९८३ मध्ये संपली. या काळात स्थानिक कार्यालयांचे बरेच दप्तर नष्ट झाले, काही जिल्हा अभिलेखागारांत गेले. १९८३ पर्यंत संगणकावर न आलेल्या गाड्या बहुधा त्या काळात कुठेतरी बंद पडून होत्या. इतिहासात नेमकी या वर्षांत पोकळी दिसली तर लगेच संशय घेऊ नये. तिचे साधे कारण हेच असू शकते. बेंटलीसाठी कारखान्याच्या सर्व्हिस नोंदी बेंटली ड्रायव्हर्स क्लबच्या वर्तुळात जतन आहेत, तर रोल्स-रॉइसची चासी कार्डे इंग्लंडमधल्या पॉलर्सपरी येथील हंट हाउसमध्ये, तिथल्या एन्थुझिअस्ट्स क्लबकडे आहेत. चासी कार्डावर पहिल्या ग्राहकाचे नाव, कोचबिल्डर, पाठवल्याची तारीख आणि कधी कधी गाडी कोणत्या हवामानात, कोणत्या रस्त्यांवर चालणार आहे हेही लिहिलेले असते. भारतात आलेल्या गाडीच्या मालकाने आधी हे मागवावे.

आपल्या संस्थानिकांच्या गाड्यांचे कागद एका देशात सापडतच नाहीत. इंदूरचे दुसरे यशवंतराव होळकर यांची ड्यूसेनबर्ग मोटार घ्या : चासी आणि इंजिन अमेरिकेतल्या इंडियानापोलिसचे, बॉडी लंडनमध्ये गर्नी नटिंगने बांधलेली, मालक माळव्यातले, आणि आज गाडी पुन्हा अमेरिकेत. अशा गाडीचा इतिहास लिहिणाऱ्याने कारखाना, कोचबिल्डर, बंदर आणि संस्थानचे दप्तर या चारही ठिकाणी स्वतंत्रपणे शोध घ्यायला हवा. १९७१ मध्ये तनखे बंद झाल्याच्या सुमारास अनेक राजघराण्यांनी मोटारी विकल्या आणि त्या व्यवहारांत एका चिठ्ठीवर तीन-चार गाड्या गेल्याचे दिसते. त्यामुळे पावतीवर फक्त ‘एक रोल्स मोटार, चालू स्थितीत नाही’ असे असते आणि नंबर नसतोच.

जुन्या आरसी बुकांबद्दल एक गोष्ट लक्षात ठेवावी. नोंद करणाऱ्या लेखनिकाला विदेशी मोटारीवर चासी नंबर कुठे असतो हे माहीत असण्याची शक्यता कमी होती; जो नंबर सहज वाचता आला तो त्याने लिहिला. त्यामुळे चासीच्या रकान्यात इंजिनाचा, कधी कार्ब्युरेटरच्या पट्टीवरचा, तर कधी कोचबिल्डरचा नंबर सापडतो. नंबर जुळत नाही असे म्हणण्याआधी आरसीतला आकडा गाडीवर इतरत्र कुठे आहे का, हे इंजिन, मॅग्नेटो (ठिणगीसाठी वीज देणारे यंत्र), स्टिअरिंग बॉक्स, बल्कहेडवरची (इंजिन आणि आसनांमधल्या आडव्या भिंतीवरची) पट्टी असे एकेक ठिकाण धुंडाळून पाहावे. तो कुठेतरी सापडला, तर दोन गाड्यांचा वाटणारा प्रश्न एका चुकलेल्या रकान्याचा ठरतो.

फाईल कशी बांधावी

पेच परत येऊ नये म्हणून निष्कर्षाइतकाच पुरावा पुढे गेला पाहिजे. मी चार स्वतंत्र रांगा आखण्याचा आग्रह धरतो : सांगाडा, इंजिन व यंत्रणा, बॉडी, नाव व हकिकत. प्रत्येक रांगेत वर्षानुसार नोंद, तिच्यासमोर पुराव्याचा प्रकार, म्हणजे मूळ कागद, फोटो, धातूवरची खूण किंवा तोंडी आठवण, आणि शेवटी नोंदणाऱ्याची सही व तारीख. तोंडी आठवण लिहायला हरकत नाही, उलट ती लिहिलीच पाहिजे, पण तिच्यापुढे सांगणाऱ्याचे गाडीशी नाते आणि तिने किंवा त्याने ती घटना स्वतः पाहिली की ऐकली, हे लिहावे. ज्या वर्षांची माहिती नाही ती रांगेत रिकामी ठेवावी. रिकामी जागा पाहून पुढचा संशोधक तिथूनच सुरुवात करतो; ती अंदाजाने भरली, तर तोच अंदाज दहा वर्षांनी पुरावा म्हणून पुढे येतो.

जुन्या वाहनांच्या आंतरराष्ट्रीय संघटनेने, म्हणजे फिव्हाने, स्वीकारलेली ट्युरिन सनद याच दिशेने बोलते. जतन आणि रिस्टोरेशन यांत तिने फरक केला आहे, हस्तक्षेप कमीत कमी असावा, केलेले काम ओळखता यावे आणि त्याची नोंद राहावी असे तिचे सांगणे आहे. व्यवहारात याचा साधा अर्थ असा : नव्याने घडवलेल्या प्रत्येक पत्र्याच्या आणि लाकडाच्या आतल्या बाजूला वर्ष आणि कारखान्याची खूण ठोकावी, आणि काढलेला जुना भाग चिठ्ठी बांधून गाडीबरोबर ठेवावा. मालक विकतो तेव्हा ती पेटीही गाडीबरोबर गेली पाहिजे.

आरटीओतल्या नोंदणीपुरते

जुलै २०२१ पासून केंद्रीय मोटार वाहन नियमांत विंटेज मोटारींसाठी स्वतंत्र तरतूद आहे. पहिल्या नोंदणीपासून पन्नास वर्षे पूर्ण झालेल्या दुचाकी आणि चारचाकी गाड्या तिच्यात येतात. नव्या नंबरात राज्याच्या अक्षरांनंतर ‘व्हीए’ असते आणि आधीपासून नोंदलेली गाडी आपला जुना नंबर राखू शकते. अर्ज नमुना २० मध्ये, सोबत विमा, जुनी आरसी किंवा आयात केलेल्या गाडीचे बिल ऑफ एन्ट्री, म्हणजे सीमाशुल्काचा आयात-कागद. नव्या नोंदणीचे शुल्क २०,००० रुपये, मुदत दहा वर्षे आणि नंतरच्या पाच-पाच वर्षांच्या नूतनीकरणासाठी ५,००० रुपये. गाडी प्रदर्शन, रॅली, तांत्रिक संशोधन, देखभाल आणि इंधन भरणे एवढ्यापुरतीच रस्त्यावर आणता येते आणि व्यावसायिक वापर चालत नाही.

खरी अडचण व्याख्येत आहे. गाडी मूळ स्वरूपात जपलेली असावी आणि चासी, बॉडी किंवा इंजिन यांत बदल करणारी मोठी फेरबांधणी झालेली नसावी, असे नियम म्हणतो. स्पीड सिक्सचा इतिहास वाचलेल्या माणसाला हे वाचून धडकी भरेल, कारण चालत्या अवस्थेत उरलेली नव्वद वर्षांची कोणतीही गाडी दुरुस्तीविना इथवर आलेली नाही. म्हणूनच अर्जासोबतचे रिस्टोरेशनचे टिपण नेमके असावे. सडलेली लाकडी चौकट त्याच मापाने, त्याच जातीच्या लाकडात पुन्हा बांधली, इंजिनाचे सिलिंडर पुन्हा बोअर केले, जुन्याच नमुन्याचा पत्रा चढवला, ही दुरुस्ती आहे आणि ती तशीच, फोटोंसह लिहावी. इंजिन दुसऱ्या बनावटीचे असेल किंवा सलूनची टूरर केलेली असेल, तर ते लपवून अर्ज करू नये. आज मान्य झाले तरी दहा वर्षांनी नूतनीकरणाच्या वेळी किंवा पुढच्या मालकाच्या वकिलाच्या हाती तोच कागद उलटतो.

आणि एकाच चासी नंबरावर दोन गाड्या हक्क सांगत असतील, तर आधी दोन्ही मालकांनी एकाच तटस्थ जाणकारासमोर, एकाच दिवशी, दोन्ही गाड्यांच्या नंबरांचे आडव्या उजेडातले फोटो घ्यावेत. तोपर्यंत विक्रीच्या करारात नाव किंवा लौकिक लिहू नये. ‘सांगाडा अमुक नंबरचा, इंजिन अमुक नंबरचे, बॉडी अमुक साली बांधलेली, हकिकत पडताळलेली नाही’ एवढेच लिहावे आणि त्याखाली दोघांनी सह्या कराव्यात.